चिरक नव्हे, दुसराच कुणी

डिसेंबरमधली सकाळ, ग्वाल्हेरच्या कंपूतलं आत्याचं घर आणि गच्चीवर ऊन खात घेतलेला चहा. कठड्यावर एक तपकिरी पक्षी येऊन बसला. मी अर्धवट बघून मनात म्हटलं, चिरकाची मादी. पुण्यात आमच्या भिंतीवर रोज असते, तीच. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तोच कठडा, तोच पक्षी. पुन्हा ‘चिरक’ म्हणून मी वर्तमानपत्र उघडलं. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तो पाठ फिरवून बसला आणि लक्षात आलं की याच्या शेपटीच्या बुडाखाली तांबूस रंगच नाही. चिरकाला तो असतोच असतो. हा तर डोक्यापासून पोटापर्यंत एकाच दालचिनी रंगात बुडवून काढल्यासारखा होता. शिवाय बसल्या बसल्या तो शेपटी अगदी सावकाश वर उचलत होता आणि तितक्याच सावकाश खाली आणत होता.

तो ब्राउन रॉक चॅट होता. उत्तर आणि मध्य भारतातले किल्ले, जुने वाडे, पडक्या भिंती आणि खडकाळ टेकड्या ही त्याची घरं. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात तो आढळतच नाही. म्हणजे ज्या पक्ष्यासाठी पुण्याहून मुद्दाम यावं, तो तीन दिवस माझ्यापासून चार हातांवर बसत होता आणि मी त्याच्याकडे बघत असूनही तो मला दिसला नव्हता.

नव्या गावी फिरायला गेलेल्या बहुतेकांना हा अनुभव येतो. पहिले दोन दिवस ‘इथं कावळे-कबुतरांशिवाय काही नाही’ असं वाटतं. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी जणू कुणीतरी पडदा सरकवावा तसे एकेक प्राणी-पक्षी दिसायला लागतात. प्राणी काही चार दिवसांत वाढत नाहीत. मग बदलतं काय?

डोळ्यांतले साचे

नेदरलँड्समधले पक्षीअभ्यासक ल्युक टिनबर्गन पाइनच्या जंगलात राहणाऱ्या टिट पक्ष्यांचा अभ्यास करत होते. पिल्लांना भरवायला हे पक्षी कोणत्या अळ्या आणतात, याची ते मोजदाद ठेवत. एखाद्या जातीच्या अळ्या झाडांवर नव्याने दिसू लागल्या की पक्षी सुरुवातीला त्यांच्याकडे जवळजवळ दुर्लक्ष करत. अळ्या समोर असत, खाण्याजोग्या असत, तरी चोचीत येत नसत. काही दिवसांनी मात्र त्याच अळ्या घरट्यात एकदम मोठ्या संख्येने येऊ लागत. टिनबर्गन यांच्या मृत्यूनंतर, १९६० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी सुचवलेलं कारण असं, की पक्ष्याच्या मनात त्या अळीचा एक साचा तयार व्हावा लागतो. काही वेळा योगायोगाने ती सापडली की ‘अशी दिसते ती’ हे पक्कं होतं आणि त्यानंतर नजर तोच आकार शोधत फिरते. याला शोध-प्रतिमा म्हणतात.

आपल्या घरात याचं उदाहरण रोज घडायचं. तांदूळ निवडणाऱ्या आजीला ताटातला पांढरा खडा लगेच दिसे. शेजारी बसलेल्या नातवाला बोट ठेवून दाखवला तरी दिसत नसे. आजीचे डोळे नातवापेक्षा अधू असत, पण खड्याचा साचा तिच्या नजरेत पक्का बसलेला असे. आणि तीच आजी पाहुणी म्हणून दुसऱ्या घरी गेली, तिथला तांदूळ वेगळ्या वाणाचा निघाला, तर पहिल्या ताटाला तिचाही हात अडखळे.

परक्या मुलखात हे साचे आपल्याला दोन प्रकारे अडवतात. ज्याचा साचाच नाही ते दिसत नाही, हा पहिला प्रकार. दुसरा जास्त फसवा आहे: जे जुन्या साच्यात जेमतेम बसतं, ते आपण त्यात कोंबून मोकळे होतो. माझा तपकिरी पाहुणा असाच चिरकाच्या साच्यात गेला होता. ‘काहीतरी वेगळं दिसलं’ एवढं जरी वाटलं असतं तरी मी उठून पाहिलं असतं. ओळखीचं नाव मिळालं आणि पाहणं तिथेच थांबलं.

यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. नव्या गावी पहिल्या सकाळी फार हिंडायचं नाही. एकच साधा पक्षी निवडायचा आणि त्याचं नाव न घेता दहा मिनिटं त्याच्याकडे बघायचं. शेपटीखालचा रंग कोणता, तो चालतो की उड्या मारतो, भिंतीवर बसतो की फांदीवर, एवढंच स्वतःशी सांगायचं. ही दहा मिनिटं मला तरी दिवसभराच्या पायपिटीपेक्षा जास्त देऊन जातात.

कंपू हे नावही असंच आपल्याला फसवतं. मराठी माणसाला कंपू म्हटलं की टोळकं आठवतं. महादजी शिंद्यांनी सव्हॉय प्रांतातून आलेल्या द बॉयनकडून ज्या कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या, त्यांना मराठी कागदपत्रांत कंपू म्हटलेलं आहे. पुढे १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली. ती छावणी उठलीच नाही. तिचंच लष्कर नावाचं शहर झालं आणि कंपू हा त्यातला एक मोहल्ला. इथल्या गल्ल्यांतून अजून मराठी आडनावांच्या पाट्या दिसतात. इथून मान वर केली की उत्तरेला किल्ल्याची लांबलचक टेकडी दिसते.

कड्यावरचा अदृश्य जिना

किल्ल्यावर जायला मला उरवाई दरवाज्याची वाट आवडते. दोन्ही बाजूंना वालुकाश्माचे कडे, आणि त्यांत पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती. सकाळी सातला या वाटेवर घारी दिसतात त्या झाडांवर आणि बुरुजांवर अंग चोरून बसलेल्या. साडेनऊ-दहाला त्याच घारी आभाळात पंख न हलवता गोल गोल वर चढताना दिसतात. सात वाजता आलेला पाहुणा म्हणतो, घारी आळशी आहेत; दहाला आलेला म्हणतो, घारी किती उंच उडतात. दोघांनी पाहिलं ते खरंच असतं, फरक फक्त उन्हाचा.

ऊन चढलं की खडक तापतो आणि त्याच्या लगतची हवाही तापते. तापलेली हवा पसरते, हलकी होते आणि वर जाऊ लागते. होळी पेटली की राखेचे कपटे कसे गरगरत वर जातात? त्यांना कुणी फेकत नाही, वर जाणारी गरम हवा उचलून नेते. घार हेच करते. हवेत ती खरं तर हळूहळू खालीच घसरत असते. पण ज्या हवेत ती घसरते आहे तीच त्याहून वेगाने वर जात असते. उतरत्या पायऱ्या उतरतानाही सरकता जिना आपल्याला वर नेतो, तसं. हा वर जाणारा झोत अरुंद असतो, म्हणून त्याच्या बाहेर पडू नये यासाठी घार गिरक्या घेते. गिरकी हा तिचा खेळ नसून झोतात टिकून राहण्याची युक्ती आहे.

कड्यापाशी आणखी एक सोय असते. वारा टेकडीवर आदळला की त्याला पुढे जायला वाट नसते, तो कड्याला धरून वर वळतो. त्यामुळे ऊन नसलं तरी वारा असेल, तर कड्याच्या काठाने घारी तरंगताना दिसतात. आणि इथे पाहुण्याला एक दुर्मीळ गोष्ट मिळते: तटाशी उभं राहून खाली पाहिलं तर घारीची पाठ दिसते. आयुष्यभर आपण घार खालून पाहिलेली असते. वरून पाहिल्यावर तिच्या पंखांवरचा फिकट पट्टा आणि वळताना होणारी शेपटीची हालचाल पहिल्यांदा नीट कळते.

अशा कड्यांच्या कपारी पांढऱ्या गिधाडाला घरट्यासाठी आवडतात. पिवळा चेहरा, मळकट पांढरं अंग आणि पाचरीसारखी शेपटी. या मुलखात ते दिसलं तर थांबून बघाच. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि भारतातल्या काही जातींची गिधाडं शेकडा नव्वदहून जास्त नाहीशी झाली. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. जी उरली आहेत, ती त्यातून वाचलेली आहेत.

लहान पक्ष्यांसाठी मात्र दहापर्यंत थांबू नये. रात्रभराच्या थंडीत त्यांच्या इवल्याशा अंगातला साठा संपत आलेला असतो, म्हणून उजाडताच त्यांची खाण्याची धावपळ सुरू होते. ग्वाल्हेरच्या जानेवारीत धुकं असेल, तर हे वेळापत्रक तासा-दीड तासाने पुढे सरकतं.

ऐकू येतं, पण कुठून?

नव्या जागी आपल्याला वाटा ठाऊक नसतात; तिथल्या रहिवाशांना असतात. त्यांचं बोलणं ऐकलं तरी पुष्कळ कळतं. सातभाईंचा थवा झुडपात कर्कश आवाजात एकाच जागेवर ओरडत राहिला, तर तिथे साप, मुंगूस, मांजर किंवा दिवसा झोपलेलं घुबड असण्याची शक्यता मोठी. उलट, शिकरा वरून झेपावतो तेव्हा अनेक छोटे पक्षी बारीक, लांब शिट्टी घालतात आणि सगळं गप्प होतं.

हे दोन आवाज इतके वेगळे का? आवाज कुठून आला हे आपला मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो: एका कानाला तो किंचित आधी पोहोचतो, किंचित मोठा लागतो. स्वयंपाकघरात ताट पडलं तर झोपेतूनही कळतं की कुठे पडलं, कारण तो आवाज एकदम सुरू होतो आणि त्यात जाड-बारीक सगळे सूर मिसळलेले असतात. पण घरात कुठल्यातरी यंत्राची बारीक, एकसुरी शिट्टी सुरू झाली की ती कुठून येते ते शोधताना आपण खोल्या-खोल्या फिरतो. ससाण्या-शिकऱ्याची सूचना देणारा पक्षी अशी शिट्टी निवडतो, म्हणजे सोबत्यांना कळतं पण शिकाऱ्याला त्याचा ठाव लागत नाही. सातभाईंना मात्र सगळ्यांना गोळा करून शत्रूला हुसकावायचं असतं, म्हणून त्यांचा आवाज ताट पडल्यासारखा. फिरायला निघालेल्याने या दुसऱ्या आवाजाच्या दिशेने जावं, आणि पहिला आवाज आला तर आहे तिथेच थांबून वर बघावं.

जवळ जाण्याबद्दलही एक गोष्ट. स्वित्झर्लंडमधले प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी दाखवून दिलं की प्रत्येक प्राण्याभोवती एक अदृश्य वर्तुळ असतं. ते ओलांडलं की तो पळतो. गल्लीतल्या टिटवीचं वर्तुळ लहान, माळावरच्या टिटवीचं मोठं. टिटवीने चरणं थांबवून मान ताणली, की आपण कडेला पोहोचलो असं समजावं. तिथे एक पाऊल मागे घेऊन बसून राहिलं, तर बहुतेक वेळा ती पुन्हा चरू लागते.

चौकट : इथे कोणाला काय म्हणतात
टिटवी म्हणजे टिटहरी. घार म्हणजे चील. रोही म्हणजे नीलगाय. आपली सुसर म्हणजे इथला घडियाल. आणि इथे ‘सूंस’ म्हटलं तर ती सुसर समजू नये, तो नदीतला डॉल्फिन. माळढोक म्हणजे सोनचिरैया. नदीकाठच्या घळींच्या मुलखाला बीहड म्हणतात. वाटाड्याला विचारताना त्याच्या भाषेतलं नाव घेतलं, तर उत्तर लवकर आणि भरभरून मिळतं.

या चौकटीतलं एक नाव लिहिताना हात जड होतो. सोनचिरैयासाठी १९८१ मध्ये शिवपुरी जिल्ह्यात करेरा इथे अभयारण्य झालं, ग्वाल्हेरजवळ घाटीगाव इथेही झालं. सोलापूरजवळच्या नान्नजसारखंच हे माळरान. माळढोकाची मादी सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. गवताळ माळ पडीक समजून नांगरला गेला, गुरं आणि कुत्री वाढली, की त्या एका अंड्याचा निभाव लागत नाही. १९९० च्या दशकात करेऱ्यातून हा पक्षी दिसेनासा झाला. इथे साचा तयार करून उपयोग नाही. ज्यासाठी करायचा तोच उरला नाही.

दुपारची नदी

नाशिक-धुळ्यावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता ग्वाल्हेरवरूनच पुढे मुरैनाकडे जातो आणि धौलपूरच्या अलीकडे चंबळ ओलांडतो. हिवाळ्यात इथे जायला पहाटे उठायची गरज नाही. पक्ष्यांसाठी शिकलेलं वेळापत्रक सुसरीला लागू पडत नाही.

आपलं शरीर आतल्या आत उष्णता तयार करतं, शेगडी पेटती ठेवल्यासारखं. सुसरीकडे ती शेगडी नाही. तिचं अंग उन्हात ठेवलेल्या पाण्याच्या हंड्यासारखं बाहेरून तापतं. अंग तापलं नाही तर गिळलेला मासाही नीट पचत नाही. म्हणून थंडीत ती पहाटे पाण्यात असते आणि ऊन वर आलं की वाळूवर येऊन तासन् तास पडून राहते. दहा ते तीन ही तिला पाहण्याची वेळ. उन्हाळ्यात याच्या उलट.

वेळ कळली, आता जागा. बस वळणावर वळते तेव्हा आपण बाहेरच्या बाजूला ढकलले जातो. नदीचं पाणीही वळणावर बाहेरच्या काठावर जोराने जातं आणि तो काठ कापतं. आतल्या काठाशी पाणी मंदावतं आणि आणलेली वाळू तिथे टाकतं. म्हणून वळणाच्या एका बाजूला उभी दरड आणि समोर पसरट वाळू. मोठ्या सुसरीचे पाय दुबळे असतात. मगर पोट उचलून चालते, तळ्यातून तळ्यात जाते. सुसर पोटावर सरपटते. तिला पाण्याला लागून असलेली सपाट वाळू आणि पलीकडे खोल डोह एवढंच लागतं. वनखात्याच्या बोटीत बसल्यावर नजर वळणाच्या आतल्या काठावर ठेवावी. पहिल्यांदा ओंडकाच वाटतो. ओंडक्याला चिमट्यासारखा लांब जबडा दिसला की साचा तयार होतो आणि पुढच्या वळणावर एकाऐवजी पाच दिसतात.

तो बारीक जबडा फक्त माशांसाठी आहे. पाण्यात रुंद फळी आडवी फिरवून पाहा आणि मग पट्टी फिरवून पाहा. पट्टी सपकन फिरते. सुसर तोंडाची अशी पट्टी फिरवून मासा पकडते. वाढलेल्या नराच्या नाकावर मडक्यासारखा गोळा येतो, त्यावरूनच घडियाल हे नाव.

दरडीच्या बाजूलाही बघण्यासारखं असतं. उभ्या मातीत वेडे राघू आणि खंड्या यांची बिळं, आणि वर पसरलेलं बीहड. हा मुलूख नदीने आणून टाकलेल्या गाळाच्या मऊ थरांचा आहे. अंगणातल्या मातीच्या ढिगावर पागोळ्या पडल्या की आधी खड्डे, मग ओघळ, मग फटी होतात, आणि प्रत्येक फट वरच्या अंगाला खात मागे मागे सरकते. चंबळकाठी हजारो वर्षं हेच चाललं आहे. शेतीला निरुपयोगी, वाटा चुकवणारी ही भूमी दरोडेखोरांच्या आसऱ्याची म्हणून माणसं दूर राहिली. महाभारतातल्या चर्मण्वतीला शाप आहे म्हणून तिच्या काठी वस्ती नको, असंही लोक सांगतात. नदी त्यामुळे बरीचशी स्वच्छ राहिली.

तरीही १९७० च्या दशकात रानातल्या सुसरी दोनशेच्याही खाली आल्या होत्या. १९७५ मध्ये मगर-सुसर संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला, १९७९ मध्ये चंबळ अभयारण्य झालं. मुरैनाजवळ देवरी इथल्या केंद्रात वाळूतून आणलेली अंडी उबवतात आणि पिल्लं सुमारे सव्वा मीटरची झाली की नदीत सोडतात. आज चंबळेत दोन हजारांहून जास्त सुसरी आहेत; जगात एवढ्या दुसरीकडे कुठेही नाहीत.

हे सगळं वाळूवर उभं आहे. मादी मार्च-एप्रिलमध्ये वाळूत खड्डा करून तीस-चाळीस अंडी घालते, आणि पावसाचा पूर येण्याआधी, जूनच्या सुमारास, पिल्लं बाहेर येतात. वाळूच त्यांची उबवणी पेटी. नारिंगी चोचीचा पाणचिरा हा पक्षीही याच दिवसांत वाळूच्या बेटांवर अंडी घालतो. त्याची खालची चोच वरच्यापेक्षा लांब असते. ती पाण्यात बुडवून तो रेघ ओढल्यासारखा उडतो आणि चोचीला मासा लागताक्षणी वरची मिटतो. नदीचं पाणी फार घटलं तर बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री-कोल्हे चालत अंड्यांपर्यंत पोहोचतात. धरणातून अवेळी पाणी सुटलं तर बेट बुडतं. आणि ट्रॅक्टर लावून वाळूच उचलून नेली, तर पाणी कितीही नीट असलं तरी उपयोग नाही. चंबळेची वाळू बेकायदा उपसली जाते, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. घर बांधताना ती वाळू कुठून आली हे विचारणं मला आता आवश्यक वाटतं.

जिन्यातलं घरटं

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी आत्याला तपकिरी पक्ष्याबद्दल सांगितलं. आपल्याकडे नसतो, तीन दिवस मी त्याला चिरक समजत होतो, वगैरे.

“कठड्यावर बसतो तो? शेपटी वर-खाली करतो?” तिने विचारलं. “अरे, तो तर घरचाच आहे. जिन्यातल्या झरोक्यात दर उन्हाळ्यात घरटं करतो. पिल्लं उडून जाईपर्यंत आम्ही झरोका बंद करत नाही.”

“लू आत येत नाही?”

“येते ना. जिना तापतो नुसता. म्हणून मग खालच्या दाराला ओलं पोतं लावते मी.”

त्याचं नाव तिला माहीत नव्हतं. पिल्लं किती दिवसांत उडतात, ते तिने बोटांवर मोजून सांगितलं.